पाटीलताईंचा दोन ऑक्टोबर

पहाटे 5.20
फोन वाजतो तेव्हा बाहेर अंधारच असतो. "ताई, केबल नेली." पलीकडचा माणूस एवढंच बोलतो. कुणाची, कुठली, ते विचारावं लागत नाही. आवाज ओळखीचा, विहीरही ओळखीची. पाटीलताई चप्पल बाजूला सारून बूट घालतात. सोयाबीन सोंगणीला आलंय, या दिवसांत शेतात साप निघतात. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. पिशवीत वही, टेप, शिट्टी आणि ओळखपत्र.

गाव चिखली तालुक्यातलं, चौदाशे मतदारांचं. "नाव लिहू नका," ताई म्हणतात, "चोराले पत्ता कशाले द्याचा?" बुलढाणा जिल्ह्यात माणूस घाटावरचा असतो नाहीतर घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगरामुळे जिल्ह्याची ही वाटणी झालेली. चिखली घाटावर. खरिपात इथं जिकडंतिकडं सोयाबीन, मध्ये तुरीची तासं.

आज 2 ऑक्टोबर 2024, बुधवार. गांधी जयंती, सर्वपित्री अमावास्या आणि ग्रामसभा एकाच दिवशी आली आहे. उद्या घटस्थापना. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी आहे. ताई गावच्या पोलीस पाटील, त्यांना नाही.

सकाळी 6.00
स्टार्टरच्या पेटीपासून विहिरीपर्यंतची केबल गेली आहे. दोन्ही टोकं साफ कापलेली. पक्कड नव्हे, मोठी कात्री असावी. ताई टेप लावतात. शेतकरी दुसरं टोक धरतो. ऐंशी मीटर. मीटरला शंभर रुपये, म्हणजे आठ हजार. चोर ती जाळणार, वरचं प्लास्टिक गेलं की पाचेक किलो तांबं उरणार. भंगारात त्याला तीन हजारही मिळत नसतील.

"तक्रार देतो का?"

"राहू द्या ताई. दिवस जातो ठाण्यात. सोंगणारे आलेत आज."

सोंगणारे एकराला चार हजार मागतात. आज परत पाठवले तर दुसऱ्याच्या शेतात जातील आणि आठ दिवस तोंड दाखवणार नाहीत. शेतकऱ्याचं खोटं नाही. ताई वाद घालत नाहीत, हिशेब मांडतात. सोयाबीन निघालं की हरभरा पेरायचा. त्याला पाणी लागणार, म्हणजे नवी केबल घ्यावीच लागणार. तक्रार नसेल तर कागदावर ही चोरी झालीच नाही. मग रात्रीची गाडी इकडं फिरवा म्हणून ठाण्यात सांगायचं कशाच्या जोरावर?

तो मान हलवतो. चार वाजता ठाण्यात यायचं ठरतं. तोवर मजूर त्याचा भाऊ सांभाळेल. ताई टोकांचे फोटो काढतात, बांधाच्या कडेला चाकाचा माग दिसतो त्याचाही काढतात. मागाजवळ एक काठी रोवून ठेवतात, म्हणजे सोंगणारे त्याच्यावरून जाणार नाहीत.

सकाळी 7.30
चुलीवर पोळ्या, गॅसवर चहा. आज पित्रांचं पान, सासूबाईंनी वड्याचं पीठ भिजवलंय. ताई ओट्याशीच उभ्या राहून खबर लिहितात. कुठे, कधी, किती, कुणावर संशय. शेवटच्या रकान्यात 'नाही'. खाली सही.

पोलीस पाटलाचं पद पूर्वी वतनाचं होतं, बापाकडून मुलाकडे जायचं. 1967 च्या ग्रामपोलीस कायद्यानं ते नेमणुकीचं केलं. उमेदवार दहावी पास हवा, त्याच गावचा हवा, वय 25 ते 45. लेखी परीक्षा 80 गुणांची, तोंडी 20 ची. नेमणूक उपविभागीय अधिकारी करतात, पाच वर्षांसाठी, मग नूतनीकरण. ताईंची दुसरी पाच वर्षं चालू आहेत. सुरुवातीला मानधन महिन्याला तीन हजार होतं. पुढं साडेसहा हजार झालं. यंदा मार्चमध्ये मंत्रिमंडळानं पंधरा हजार ठरवलं. ते दर महिन्याला येतंच असं नाही, दोन-तीन महिन्यांचं एकदम जमा होतं. पेट्रोल मात्र रोज लागतं, आणि लिटर शंभराच्या वर आहे.

घरची शेती तीन एकर. नवऱ्यानं काल अर्धं सोयाबीन सोंगून सुडी घातली. वर ताडपत्री, अडीच हजारांची. सध्या गावाची निम्मी काळजी या सुड्यांची आहे. सोंगलेलं सोयाबीन ढीग करून शेतात ठेवतात. मळणी यंत्राचा नंबर लागायला कधी चार दिवस जातात, कधी आठ. तीन एकरांच्या सुडीत वीसेक क्विंटल माल असतो. हमीभाव 4,892 रुपये आहे, बाजारात चार हजाराच्या आगेमागे मिळतात. म्हणजे ऐंशी हजारांचा ढीग उघड्यावर, आणि त्याला एक काडी पुरते. सुडी पेटवल्याची बातमी जिल्ह्यात दर हंगामात कुठून ना कुठून येते. पेटवणारा बहुतेक वेळा लांबचा नसतो.

सकाळी 9.10
ग्रामपंचायतीत शिपाई गांधीजींच्या फोटोला हार घालतोय. आतल्या खोलीत कपाटावर डीव्हीआर आहे. गावात चार कॅमेरे, लोकवर्गणीतून बसवलेले. त्यातला शाळेजवळचा माकडांनी फिरवून आभाळाकडे केलाय, मारुतीच्या पारावरचा बंद. चालू आहेत ते दोन, फाट्यावरचा आणि चावडीसमोरचा.

ताई फाट्यावरचं चित्रण मागे नेतात. पडद्यावर गडद अंधार, आणि कोपऱ्यात वेळ दिसते 16.12. संध्याकाळ व्हायच्या आत अंधार कसा? शिपाई म्हणतो, लाइट गेली की घड्याळ मागं पडते. आतला गोल सेल संपलाय, मनगटी घड्याळात असतो तसला. वीस-तीस रुपयांची वस्तू.

ताई मोबाइलमध्ये बघतात, 9.10. पडद्यावर आत्ताची वेळ 22.40, तारीख कालची. फरक साडेदहा तासांचा. म्हणजे 16.12 ला दिसणारं ते पिकअप रात्री 2.42 ला गेलं. मागं ताडपत्री, दिवे बंद. नंबर वाचता येत नाही. ताई वहीत दोन्ही वेळा लिहितात, फरक लिहितात आणि शिपायाची सही घेतात. "पुढं कोर्टात हेच विचारतात," त्या म्हणतात. मग पेन ड्राइव्ह लावतात. तो घरचाच, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचा.

सकाळी 11.00
ग्रामसभेची वेळ. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी तो. चौदाशेचे 15 टक्के 210 होतात, म्हणून इथं शंभर. सतरंजीवर बसलेत साठ-बासष्ट. कुणी सोंगणीला गेलंय, कुणाच्या घरी पित्रं. सरपंच घड्याळ बघतात. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होईल. पुढच्या सभेला कोरमचं बंधन नाही, पण तिला लोकही येणार नाहीत.

बारा वाजायच्या सुमाराला बचत गटाच्या बाया येतात, घरची पानं वाढून. वीस, तीस, मग मोजणं सुटतं. रजिस्टर फिरतं. 108 सह्या. सभा सुरू.

दुपारी 12.40
चौथा विषय, गावाची सुरक्षा.

एक जण उभा राहतो. पावसाळ्यापासून आपल्या शिवारात तीन मोटारींच्या केबली गेल्या, आज चौथी. "पोलीस पाटील करतात काय? पंधरा हजार कशाचे भेटतात?"

ताईंच्या चेहऱ्यावर फरक पडत नाही. ठाण्यात साहेबांपुढं उभं राहणं सोपं, तिथं सलाम ठोकून निघता येतं. इथं विचारणारा शेजारच्या गल्लीतला आहे, उद्या दळणाच्या रांगेत मागं उभा असेल. त्या वही उघडतात. पहिल्या दोन चोऱ्यांची तक्रार झाली नाही, शेतकऱ्यांना दिवस घालवायचा नव्हता. तिसरीची झाली, गुन्हा नोंद आहे, तपास चालू. आजची चार वाजता होईल. मग कॅमेऱ्यांवर येतात. चारपैकी दोन बंद. घड्याळ साडेदहा तास मागं. "सेल आणायला कोणाचा ठराव पाहिजे?"

हसू येतं. सरपंच शिपायाकडे बघतात. शिपाई जमिनीकडे.

ग्रामसेवक सांगतात की वित्त आयोगाचा पैसा आराखड्यात धरलेल्या कामालाच वापरता येतो आणि कॅमेरे आराखड्यात नाहीत. आता त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी होतंय, पण गाव ग्रामसेवकच म्हणतं. मग ग्रामनिधीतून करा, बायांमधून आवाज येतो. ग्रामनिधी म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी. ती किती थकलीय ते ग्रामसेवक वाचून दाखवतात. आवाज जरा खाली बसतात. शेवटी ठरतं की दोन कॅमेरे दुरुस्त करायचे, इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची, गस्तीच्या पोरांना चार टॉर्च आणि सेल द्यायचे. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर.

मग बायांचा विषय. फाट्यावरच्या टपरीत देशी मिळते. आज ड्राय डे आहे, म्हणून सत्तरचा पाव सव्वाशेला. आडवी बाटली करू, एक जण म्हणते. ताई सांगतात, ते मतदान परवान्याच्या दुकानासाठी असतं, टपरीला परवानाच नाही. 2016 साली दारूबंदीच्या कायद्यात ग्रामरक्षक दल आलं, ते ग्रामसभेनं करायचं असतं. तसा ठराव घेऊ आणि तालुक्याला पाठवू. नावं सांगा. अवैध दारूविरुद्ध नाव द्यायचं म्हटल्यावर आधी कुणी बोलत नाही. टपरीवाला कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी दीर असतो. मग एक म्हातारी म्हणते, "माहं लिवा. माहं आता कोण काय करते?" तिच्यामागे सात नावं येतात.

दुपारी 2.15
ताई घरी येऊन पान वाढून घेतात. घास तोंडात असताना दोन भाऊ दारात येतात. धाकट्याची सुडी रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. मळणी यंत्र न्यायला वाट थोरल्याच्या धुऱ्यावरून. थोरला म्हणतो, माझी तूर तुडवली जाते. काल रात्री शब्दाला शब्द वाढला. धाकटा म्हणाला, तुझी सुडी बघतोच.

"बघतोच म्हंजे काय?" ताई विचारतात.

धाकटा गप्प.

2007 च्या 15 ऑगस्टला, गृहमंत्री आर. आर. पाटलांच्या काळात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा असे वाद समितीपुढं यायचे. बक्षिसाची रक्कम लोकसंख्येवर होती, लाखांत. गावागावात तंटे मिटवण्याची चढाओढ लागली होती. आता तो जोर राहिला नाही. समिती आहे, अध्यक्ष आहेत, रजिस्टर आहे. भाऊ मात्र सरळ ताईंच्या दारात येतात.

ताई दोघांना घेऊन शेतावर जातात. तुरीची दोन तासं वाटेत येतात. पावलं टाकून मोजतात, चाळीस. तेवढी तूर आडवी झाली तर नुकसान किती? थोरला दोन हजार म्हणतो, धाकटा पाचशे. समितीचे अध्यक्ष येतात, तंबाखू मळतात आणि नऊशेवर थांबतात. यंत्र उद्या दुपारी न्यायचं, तेही फक्त एकदा. धाकट्यानं नऊशे आजच द्यायचे. तडजोडनामा लिहिला जातो. दोघांच्या सह्या. थोरल्याचा मुलगा फोटो काढतो. धाकट्याकडे सहाशेच निघतात. उरलेल्या तीनशेंवर तारीख पडते.

परतताना ताई धाकट्याला बाजूला घेतात. "सुडीले काही झालं तर पयलं नाव तुहं येईन. मीच देईन."

संध्याकाळी 4.05
ठाणे अकरा किलोमीटर. स्कूटीत शंभराचं पेट्रोल. केबलवाला शेतकरी मोटारसायकलवर मागून येतो, अंगावर सोयाबीनचा भुसा. बीट जमादार टेबलाशी आहेत. त्यांच्याकडे पंधरा-वीस गावं आणि एक मोटारसायकल. गाव पिंजून काढणं त्यांना जमणार नाही, म्हणून पोलीस पाटलांचा फोन ते पहिल्या रिंगला उचलतात.

तक्रार लिहायला तास जातो. चोरीचं कलम आता न्याय संहितेचं, 303. जुलैपासून सगळे आकडे बदलले आहेत. ताई दोघा भावांचं सांगतात. गरज पडली तर एकशे सातची, शांतता राखण्याची हमी घ्यायची कारवाई करावी लागेल, म्हणतात. जमादार हसतात, "ताई, एकशे सव्वीस म्हणा आता." गावाला अजून एकशे सातचीच भीती आहे.

नवरात्राच्या मंडळाचे कागद द्यायचे आहेत. गावात एकच दुर्गादेवी बसते, हे ताईंचं दोन वर्षांचं काम. अर्ज, वीज जोडणी, अध्यक्षांचा फोन, स्पीकर रात्री दहाला बंद ठेवण्याची हमी. प्रत्येकाच्या तीन प्रती. झेरॉक्सवाल्याचे चोवीस रुपये.

टपरीचंही सांगतात. जमादार कागदावर दारूबंदी कायद्याचं कलम '65 ई' लिहितात आणि त्याभोवती गोल करतात. रात्री आठ वाजता गाडी टपरीवर जाते. बावीस बाटल्या मिळतात. खबर कुणी दिली, हे टपरीवाल्याला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी 6.30
गावाबाहेर पडीक जागेत सोंगणीच्या मजुरांच्या पालांना चुली पेटल्या आहेत. मध्य प्रदेशातून आलेली बारा कुटुंबं. केबल गेली की गावाचं बोट आधी इकडं वळतं. ताई मुकादमाजवळ बसतात. नावं लिहितात, आधारचे फोटो घेतात, मुकादमाचा नंबर घेतात आणि आपला देतात. लहान मुलं किती, तेही लिहितात. चौदा. रात्री पालांकडे कुणी आलं, त्रास दिला, तर फोन करायचा. त्या हे दोनदा सांगतात. यादी जितकी गावासाठी, तितकी या पालांसाठी. मुकादम कोरा चहा देतो. ताई घेतात.

रात्री 9.30
मारुतीच्या पारावर ग्राम सुरक्षा दलाची सहा पोरं. एक बी.ए. झालेला, एक ट्रॅक्टर चालवतो, दोघं पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांना मानधन नाही. हातात काठ्या, गळ्यात शिट्ट्या. शिट्टी पंधरा रुपयांची, ताईंनी आणलेली.

"काय करायचं?" ताई विचारतात. पोरांना उत्तर पाठ आहे. अनोळखी गाडी दिसली तर नंबर लिहायचा. माणूस दिसला तर लांबून विचारायचं. मग ताईंना फोन, नाहीतर 112.

"काय नाही करायचं?"

"हात नाही लावायचा."

ताई धुळ्याचं राईनपाडा सांगतात. 1 जुलै 2018. मुलं पळवणारे आले, अशी अफवा मोबाइलवर फिरली. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. यंदाच्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडं रात्रीच्या ड्रोनची अफवा उठली, तेव्हा इथली पोरंही गच्चीवर काठ्या घेऊन बसली होती. ताई तेव्हा गच्च्यागच्च्यांवर चढून त्यांना खाली उतरवत होत्या. "चोर सुटला तर चालते. हात उचलला तर तुमची भरती गेली आणि माहं पद."

पोलीस भरतीची पोरं मान खाली घालून ऐकतात.

रात्री 11.15
अमावास्येचा अंधार. दोन-दोन पोरं तीन वाटांनी. एका टॉर्चचे सेल उतरलेत, उजेड पिवळा. ताई फाट्याच्या वाटेनं, सोबत नवरा. तो या गस्तीत कुठंच नोंदलेला नाही. टपरी बंद, समोर काचेचे तुकडे. थोरल्याची सुडी जागेवर. पलीकडे धाकटा स्वतःच्या सुडीपाशी बाज टाकून बसलाय.

"झोपत नाही का?"

"राखतो."

"कोणापासून?"

तो उत्तर देत नाही. ताई त्याच्या टॉर्चचे सेल मागून घेतात. त्याला मोबाइलचा उजेड पुरेल.

रात्री 1.10
पोरं पारावर परत. फाट्यावर एक पिकअप थांबलं होतं. ते चिखलीच्या भाजी बाजाराला निघालेलं. नंबर लिहिला, ड्रायव्हरला चहा पाजला, सोडलं. ताई वहीत लिहितात. गस्त झाली, सहा जण, संशयास्पद काही आढळलं नाही. ठाण्याच्या महिन्याच्या अहवालात या ओळीसाठी रकाना नाही. गुन्हे किती ते विचारतात, टळलेले कुणी मोजत नाही.

मग त्या मागच्या पानावर खर्च मांडतात. पेट्रोल 100, झेरॉक्स 24, पोरांच्या चहाचे 60, शिट्ट्या 90. बेरीज 274. पंधरा हजारांना तीसनं भागलं तर दिवसाचे पाचशे येतात. नवरा बेरीज बघतो आणि काही बोलत नाही.

ट्रॅक्टरवाला पोरगा शिट्टी खिशात घालतो. "ताई, उद्याचे सेल कोणाकडून घ्याचे?"

"ग्रामपंचायतीकडून. ठराव झाला आज."

"पैसे कधी निघतीन?"

"घरपट्टी भरली की. तुह्या बापाची किती हाये, ते इचारून ये आधी."